गार्डसाहेब, पोपट आणि माझी गोधडी

कुणी घरातून निघालं की गार्डसाहेब बाल्कनीत यायचे आणि उजवा हात आडवा धरायचे. हातात बायकोचा जुना हिरवा ब्लाउजपीस. निघालेला माणूस कोपऱ्यावर वळून दिसेनासा होईपर्यंत हात तसाच. भाजीवाला असो, गॅसवाला असो, मी असो. आधी वरून विचारायचे, "ऑल राइट?" आपणही "ऑल राइट" म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. एकदा घाईत मी तशीच निघाले, तर संध्याकाळी मला म्हणतात, "सिग्नल न घेतां गाडी सोडली तुम्ही, अम्मा. असं करूं नये."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी संपते, पण अंगातून काही जात नाही. हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. पुढं चाळीस-पन्नास वाघिणी, सगळ्यांत शेवटी ब्रेकव्हॅनचा एक डबा आणि त्यात एकटा माणूस. इंजिनात निदान दोघं असतात, गप्पा तरी होतात. "नोकरीभर गाडीचं तोंड पाहिलं नाही मी," ते म्हणायचे. "शेपूट तेवढं आमचं."

आमची ओळख माझ्या आरडाओरड्यामुळे झाली. चेन्नईत, अड्यारमधल्या त्या जुन्या तीन मजली इमारतीत मी नुकतीच भाड्यानं आले होते. सकाळी सिरुसेरीची ऑफिसची बस, संध्याकाळी परत, मधे मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. म्हणून मी जिन्यात उभी राहून फोनवर आईशी भांडायचे. विषय नेहमीचाच, माझं लग्न. एकदा खालून आवाज आला, "आईस असं बोलूं नये."

मी अशी दचकले! पहिल्या मजल्याच्या दारात लुंगी नेसलेला, उंच, वाळका म्हातारा उभा.

"तुम्ही मराठी?"

"तंजावरकडले आम्ही. तुम्ही केव्हां आलां इकडे?"

"गेल्या महिन्यात. तुम्ही?"

"तीनशे वर्षांखाली," ते शांतपणे म्हणाले. "सेरी, कॉफी घ्या."

सेरी म्हणजे तमिळमधलं 'बरं'. त्यांची निम्मी वाक्यं त्यानंच सुरू व्हायची. आणि अम्मा म्हणजे मी; तिकडे पोरीबाळींनाही अम्माच म्हणतात. मी कॉफीला आत पाऊल टाकलं, तर ते बुडालंच. हॉलभर गाद्या, जमखाने, साड्यांच्या घड्या अंथरलेल्या, फरशी कुठं दिसेल तर शपथ. मला वाटलं, म्हाताऱ्याला पडायचा आजार आहे. पडायचा आजार होता खरा, पण त्यांना नव्हता. खिडकीपाशी पिंजरा होता आणि त्यात एका अंगाला कलंडलेला एक पोपट.

हा पोपट भविष्य सांगणाऱ्याचा. देवळाबाहेर फुटपाथवर बसतात ना, त्यांच्यातल्या एकाचा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट चालत बाहेर येतो, मांडलेल्या पाकिटांतलं एक ओढतो, साळीचा दाणा घेतो आणि आपल्या पायानं परत पिंजऱ्यात जातो. तो ज्योतिषी धंदा गुंडाळून गावी निघाला होता. गार्डसाहेबांनी त्याच्याकडून पोपट मागून आणला. उडू नये म्हणून पंख कापलेले, आणि तेही कसे! डावा पार बुडापासून, उजवा अर्धामुर्धा. उडायला गेला की बिचारा गिरकी घेऊन छातीवर आपटायचा. छातीची कातडी फाटलेली होती. म्हणून त्या गाद्या.

मी वर गेले आणि आईनं बांधून दिलेली गोधडी घेऊन आले. चेन्नईच्या उकाड्यात गोधडी! पण आईला कोण सांगणार? गार्डसाहेबांनी तिचे टाके बोटांनी चाचपून पाहिले आणि ती बरोब्बर पिंजऱ्याच्या दारासमोर अंथरली.

पोपट पाळणं कायद्यात बसत नाही. ते त्यांनी आधीच निस्तरलं होतं. पक्ष्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी वनखात्याला कळवलं होतं आणि पंख येईपर्यंतच ठेवायचा असं बजावलं होतं. कापलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं यावं लागतं, त्याला वर्ष तरी जातं. तोवर नाव ठेवायचं नाही, लाडानं बोलायचं नाही, हातानं भरवायचं नाही. माणसाचा लळा राहिला तर सुटल्यावरही तो कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसेल आणि पुन्हा पिंजऱ्यात पडेल.

आता बघा. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती मुलगी कॅनडात, घरात बोलका पक्षी, आणि त्याच्याशी बोलायचं नाही! मी असते तर पहिल्याच दिवशी मिठू मिठू करत बसले असते. गार्डसाहेबांनी मात्र नियम म्हणजे नियम पाळला. सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यासमोर उभं राहून हात आडवा धरायचे, तेवढंच. पोपट मान वाकडी करून बघायचा.

"कंटाळा येत नाही हो तुम्हाला?" मी विचारलं.

"ब्रेकव्हॅनमध्यें कोण होतं बोलायला?" मग म्हणाले, "येतो, अम्मा. फार येतो."

रोज वहीत नोंद व्हायची. गाडी लेट झाली की गार्डाला किती लेट आणि का लेट ते लिहावं लागतं. त्याच थाटात हे इंग्रजीत लिहायचे. सकाळी सात दहा, कपाटावरून झेप, पडला, कारण डावा पंख. मी म्हटलं, मराठीत लिहा की! "आम्ही बोलतों तेवढं. लिहिणं येत नाही," ते म्हणाले. "बापानं तमिळ शाळेत घातलं."

सगळ्यात चिवट होती ती कागदाची सवय. पिंजरा उघडला की स्वारी बाहेर. गॅसचं बिल, पंचांग, लग्नपत्रिका, दिसेल ते ओढायचं, वळून पिंजऱ्यात जायचं आणि दाण्याची वाट बघत उभं राहायचं. गार्डसाहेब दाणा द्यायचे नाहीत. दाणे उंच फांदीला बांधलेल्या वाटीत, तिथं चढून जाऊन खायचे. कागदाबद्दल काही नाही. तो अर्धा अर्धा तास वाट बघायचा आणि हे त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मला बघवायचं नाही. तीन महिन्यांनी त्यानं कागद ओढणं सोडलं, त्या दिवशी मला खास बोलावून दोनदा कॉफी पाजली.

मग नव्या पिसांचे कोंब फुटले. कोवळ्या पिसात रक्त असतं. एक मोडलं आणि भळाभळा वाहायला लागलं. मी पोपटाला टॉवेलात धरलं, त्यांनी कॉर्नफ्लॉवरची चिमूट त्या जागी दाबली. पोपटानं माझ्या अंगठ्याचा असा काही लचका घेतला की विचारू नका. आणि हे गृहस्थ मान वर न करता विचारतात, "ऑल राइट?"

"कसलं डोंबलाचं ऑल राइट!" मी बोंब मारली. तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा खदाखदा हसताना पाहिलं.

आता माझी चूक. ती सांगितली नाही तर हे सगळं सांगणंच खोटं होईल.

बायकोच्या श्राद्धाला ते चार दिवस तंजावरला गेले. किल्ली माझ्याकडे. "दाणे वरच्या वाटींत. कागद कपाटांत. बोलूं नका," एवढंच सांगून, जिन्यात हात आडवा करून गेले. त्याच आठवड्यात ऑफिसनं मला विचारलं होतं, पुण्यात जागा आहे, येतेस का? पुणं म्हणजे कराडच्या घरी तीन तासांत. इथं माझं होतं कोण? पण तिथं तरी लग्नाचा विषय सोडून माझी वाट कोण बघत होतं? काही केल्या ठरेना.

पहिल्या संध्याकाळी मी पिंजऱ्यासमोर बसले आणि, हसा खुशाल, दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पुणे. चेन्नई. दिवसभर सिरुसेरीत बसून मशीनला अंदाज बांधायला शिकवणारी मी, पोपटाला विचारत होते.

तो आधी हललाच नाही. मग आला. पुणे ओढलं. मी दाणा पुढं केला, आणि त्यानं तो माझ्या बोटांतून इतक्या हलक्यानं घेतला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कितीतरी महिन्यांत मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी पुन्हा विचारलं. चेन्नई. पुन्हा दाणा. चार संध्याकाळी माझा हाच उद्योग. शेवटी शेवटी चिठ्ठ्या वाचायचंही सोडलं होतं. नुसती दाणे देत होते आणि बोलत होते. आईबद्दल, कराडबद्दल, रविवारी दिवसभर फोन वाजत नाही त्याबद्दल.

गार्डसाहेब परत आले. पिशवी खाली ठेवून त्यांनी पिंजरा उघडला. पोपट तुरुतुरु आला, त्यांच्या हातातलं बसचं तिकीट ओढलं, वळून आत गेला आणि चोच वर करून उभा राहिला.

त्यांनी त्याला दाणा दिला नाही. मग वाकून माझ्या गोधडीच्या टाक्यात अडकलेला साळीचा एक दाणा उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"ऑल राइट?" त्यांनी मला विचारलं.

"ऑल राइट," मी म्हणाले. चक्क खोटं बोलले.

त्यांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पाठ करून बसणं, वाट बघायला लावणं, सगळं. माझ्या चार संध्याकाळी निस्तरायला दोन महिने लागले. पुण्याला मी नाही म्हणून कळवलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. पण त्यांच्यापाशी कबूल करायचं धाडस काही झालं नाही. रोज सकाळी ते विचारायचे, ऑल राइट? रोज मी म्हणायचे, ऑल राइट.

मुलगी फोनवर रडायची. अप्पा, इकडे या, एकटे राहू नका. हे तिला म्हणायचे, "गाडी सेक्शनमध्यें आहे. रिलीफ आल्याशिवाय गार्ड उतरत नाही." म्हणजे बदली माणूस येऊन ताबा घेईपर्यंत गार्डानं गाडी सोडायची नाही. तिला कळायचं, पोपट उडेपर्यंत बाप हलणार नाही.

आणि एका सकाळी बाल्कनीतून हात बाहेर आला नाही. मी धावत खाली गेले. ते गोधडीवर बसले होते, छाती दाबून धरलेली, घामानं चिंब. हॉस्पिटल झालं, मुलगी आली, तिकिटं निघाली. जायच्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढं धरली.

"चार्ज घ्या, अम्मा. सही करा."

मी सही केली. कबूल करायचं तेव्हाही राहूनच गेलं. टॅक्सीत मुलीनं त्यांना पुढं बसवलं, ड्रायव्हरशेजारी. पुढं बसून कुठं जाताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांच्या बाल्कनीत उभी राहून हिरवा ब्लाउजपीस धरला. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळणापर्यंत आत घेतला नाही.

तिकडे सहा आठवडे काढले त्यांनी. मग मुलीचा फोन आला. मी खाली गेले, पिंजऱ्यासमोर बसले. पोपटाला सांगावंसं फार वाटलं. सांगितलं नाही.

मार्च सरता सरता पोपट हॉलभर वळसे घेऊन, न पडता उडायला लागला. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, आता गच्चीवर नेऊ, संध्याकाळी रानपोपटांचे थवे जातात तेव्हा दार उघडू. त्या तमिळ, त्यामुळे आमचं इंग्रजीत चालायचं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, बाहेर येऊन तो परत पिंजऱ्यात गेला तर त्याला सोडता येणार नाही, जन्मभर जाळीच्या खोलीत ठेवावा लागेल.

मी पिंजरा उघडला. आणि माझी अक्कल बघा, नोंद करायची म्हणून आणलेली वही तिथंच खाली ठेवली होती. पोपट बाहेर आला, इकडे तिकडे न बघता सरळ वहीकडे चालत गेला. एक पान चोचीत धरून ओढलं. कोपरा टरकन फाटला. तो तुकडा घेऊन तो वळला आणि पिंजऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. एक पाय आत. डोळा माझ्यावर.

माझ्या मुठीत काही नव्हतं, तरी ती मी घट्ट मिटली. अरे नको ना, असं ओरडावंसं वाटलं. पण मला गार्डसाहेब आठवले. मी त्याच्याकडे पाठ केली.

किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यावरून थवा कलकलाट करत गेला. मागं फडफड झाली. वळून पाहिलं तर पिंजरा रिकामा आणि कागदाचा तुकडा गच्चीवर पडलेला. पोपट समोरच्या नारळावर होता. दुसरा थवा आला, तसा तो उठला आणि त्यांच्यात गेला. मी हिरवा ब्लाउजपीस घेऊन हात आडवा धरला. कुठला तो आपला, हे कळेनासं झाल्यावरही धरून ठेवला.

मग वही उचलली. त्यानं ओढलेलं पान उघडंच होतं. मागची पानं मी कधी चाळली नव्हती. नशिबानं काढलेलं पान वगैरे मी म्हणणार नाही, सापडलं ते ओढलं त्यानं. पण तारीख बघितली आणि मी खालीच बसले. गार्डसाहेब तंजावरहून परतले तो दिवस होता. नेहमीसारखं इंग्रजीत लिहिलं होतं, चार दिवस लेट, कारण. आणि पुढं, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, मराठीत, 'अम्मा एकटी होती.'

"ऑल राइट नव्हतं, काका," मी मोठ्यानं म्हणाले. "मुळीच ऑल राइट नव्हतं."

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नाही. त्यांना वाटलं, मी पोपटाशी बोलतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आता बोललीस तरी चालेल.