एक कम

संध्याकाळी सहा वाजले की मंदाताई हातातलं काम ठेवून उभी राहायची. पाय आपोआप जवळ यायचे, पदर खांद्यावर सारखा व्हायचा. मग तिला आठवायचं की आता कोणी येणार नाही, आणि ती पुन्हा खाली बसायची.

चौदा वर्षं ती जेलमध्ये होती. नवऱ्याच्या डोक्यात मुसळ घातलं म्हणून. कोर्टात वकिलानं तिला गप्प राहायला सांगितलं होतं, पण साक्षीदार तीन घाव म्हणाला तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. "एकच घातला," ती म्हणाली. त्या एका वाक्यानं वकिलाची सगळी मेहनत पाण्यात गेली.

चौदांपैकी शेवटची नऊ वर्षं ती नंबरदार होती. नंबरदार म्हणजे कैद्यांमधूनच निवडलेली बाई. सहाच्या ठोक्याला बराकीतल्या बायका ओळीत बसवायच्या, मोजायच्या आणि जेलरबाईंना आकडा द्यायचा. आकडा जुळला तर 'पूरे'. नाही जुळला तर 'एक कम', 'दो कम'. मनात ती आधी मराठीत मोजायची, एकोणतीस, तीस, एकतीस. जेलचा कारभार हिंदीत, म्हणून तोंडानं 'उनतीस, तीस, इकतीस'. हळूहळू मनातलं मराठी मोजणं बंद पडलं. कधी बंद पडलं, तेवढं मात्र तिनं मोजलं नाही.

सुटल्यावर ती थाटीपुरला भावाकडे गेली. महिपतरावानं चहा दिला, वहिनीनं पोहे केले. "ताई, सरकारी क्वार्टर आहे," पोहे संपल्यावर तो म्हणाला, "वर-खाली सगळे ऑफिसातलेच लोक. तू समझदार आहेस." मंदाताई समझदार होती. बशी विसळून ठेवून ती निघाली.

बिर्लानगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या कामगार लाइनीत, जेलमधून सुटलेल्या बायकांची एक सहकारी संस्था होती. आठ खोल्या, मागं मोठं अंगण, पाण्याचा हौद. नर्सिंग होमच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून परत द्यायच्या. काम सगळ्यांचं, आणि सभासद झाली की प्रत्येकीला एक खोली, तिच्या नावानं. सात सभासद होत्या. आठवी खोली रिकामी होती. संस्था उभी केली ती शालिनीताईंनी. लष्कर भागातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन आज-उद्यावर ढकललेलं.

"सहा महिने काम करा, मंदाताई," त्या म्हणाल्या. "तोवर इस्त्रीच्या पडवीत झोपा. मग सभा ठरवेल. सातांतले चार हात वर आले की खोली तुमची."

पहिल्याच संध्याकाळी घात झाला. सहा वाजले, मंदाताई उठली आणि हौदाकाठी चादरी पिळणाऱ्या बायकांकडे बोट करत मोठ्यानं म्हणाली, "एक, दो, तीन, चार, पाँच, छह, सात. पूरे."

पिळणारे हात थांबले. पाणी तेवढं ठिबकत राहिलं.

"गिन लिया, लंबरदारनी?" सोनिका म्हणाली. ती त्यांच्यात सगळ्यांत तोंडाळ. "अब ताला भी मार दो!"

बायका हसल्या. मधु हसली नाही. तिनं बादली उचलली आणि ती आत निघून गेली.

मधु तिच्याच बराकीत चार वर्षं होती, मुलाला घेऊन. अंशुल त्याचं नाव. जेलात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहतं. सहा पूर्ण झाले त्या दिवशी त्याची आजी त्याला न्यायला आली. गाडी गेली तरी मधु आतल्या फाटकाच्या गजांना धरून उभीच. इकडे सहा वाजले. मंदाताईनं ओळ मोजली. पाच मिनिटं थांबली असती तर मधु येऊन बसली असती. ती थांबली नाही. "एक कम," ती म्हणाली. शिक्षा म्हणून मधुची महिनाभराची मुलाकात बंद झाली. पहिल्याच रविवारी आजी पोराला घेऊन आली आणि दोघांना फाटकावरून परत जावं लागलं.

याच्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. सहा महिने एकाच हौदावर चादरी धुतल्या, एकाच चादरीची दोन टोकं धरून घड्या घातल्या. चार पावलं जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागं सरायचं. टोकं जुळताना बोटांना बोटं लागायची, आणि मधु आपली काढून घ्यायची.

खोली मात्र मंदाताईनं रोज पाहिली. कुलूप नसलेली, पुढं निंबाचा पार. झाडायचं कारण काढून ती आत जायची. आत खिळे किती, कोनाडे किती, फरशा किती, सगळं तिला पाठ होतं. खिडकीत तुळस बसेल का, हेही तिनं वीत लावून पाहिलं होतं.

सभा रविवारी दुपारी अंगणातच भरली. वर तारांवर चादरी वाळत होत्या. शालिनीताई खुर्चीवर, बायका खाली, सावलीला. मधु बसली नाही. ती मागं उभी राहिली, वरची तार एका हातानं धरून.

"काही बोलायचंय का, मंदाताई?"

मंदाताईनं आठवडाभर शब्द जुळवले होते. आता एकही आठवेना. "काम तो मैं करती हूँ," ती म्हणाली.

"बरं. मंदाताईंना सभासद करून घ्यायचं, ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सोनिकाचा हात पहिला गेला. थट्टा करणारीच पहिली निघाली. मग आणखी एक. मग, थोडं थांबून, तिसरा. शालिनीताई डोळे बारीक करून बोट फिरवू लागल्या.

"एक, दोन, तीन... आणि मागं मधु. चार! चला, झालं."

मंदाताईनं मागं पाहिलं. मधुचा हात तारेवर होता, मघापासून होता तसाच. मधु काही बोलली नाही. हात खालीही आणला नाही. ती थेट मंदाताईकडे पाहत होती.

"तीन," मंदाताई म्हणाली.

"काय?"

"तीनच आहेत, ताई. तिनं तार धरलीय." आणि मग तोंडातून ते गेलंच. "एक कम."

मधुनं सावकाश तार सोडली, तळहातावर उठलेला तारेचा वळ पाहिला आणि हात पदराला पुसला.

"अगं बाई," शालिनीताई पुटपुटल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मग नाही होत. आपणच केलेला नियम आहे. सहा महिन्यांनी परत अर्ज करा, मंदाताई. काम आहेच तुमचं. पण सभेनं नाही म्हटल्यावर पडवीत ठेवता येणार नाही मला."

कपडे, एक ताट, एक गोधडी. बोचकं बांधायला वेळ लागला नाही. गिरणीच्या भिंतीमागं दौलतसिंह नावाच्या म्हाताऱ्याची एक खोली भाड्यानं मिळत होती. तिकडे निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. फाटकाशी मधु उभी होती.

"हाथ तो ऊपर ही था न," मधु म्हणाली.

"तार पकड़ा था तूने."

"तो? मैं चुप थी न? तुमसे ही चुप नहीं रहा गया." तिचा आवाज चढला नव्हता. "उस दिन भी नहीं. पाँच मिनट की बात थी, लंबरदारनी."

मंदाताईनं बोचकं या हातातून त्या हातात घेतलं. गिनतीत खोटं चालत नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर नेहमी तयार असायचं. जेलरबाईंनी त्यासाठी तिची पाठ थोपटली होती.

"हाँ," ती म्हणाली. "उस दिन चुप रहना था."

मधुनं मान वळवली. रस्त्यावरून एक टेम्पो धूळ उडवत गेला.

"सुबह सात बजे आना," मधु म्हणाली. "चादरें ज़्यादा हैं कल." आणि ती आत गेली.

दौलतसिंहाच्या खोलीला खिडकी नव्हती. दार होतं, कडी आतून होती. मंदाताईनं खोली झाडली, गोधडी अंथरली, ताट भिंतीला टेकवून ठेवलं. बाहेर कुठंतरी रेडिओवर बातम्या लागायची धून वाजली. सहा. ती उठली. पाय जवळ आले, पदर खांद्यावर सारखा झाला. समोर कोरी भिंत.

"एक," ती म्हणाली.

हा आकडा मराठीत आणि हिंदीत सारखाच. पुढचा शब्द 'पूरे'. तो म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि न म्हणताच खाली बसली.