ताईच्या बाटल्या आणि माझा थायरॉइड

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार आहे हे कळलं, तेव्हा माझा डावा पाय माझं ऐकेनासा झाला होता. डॉक्टर म्हणाले, औषध चुकवू नका, ड जीवनसत्त्व कमी आहे तेवढं घ्या, बाकी साधं, घरचं जेवा. इतका सोपा सल्ला आमच्या घरात कोणाला पटणार?

बोरिवलीची माझी मोठी बहीण मुलुंडला आमच्याकडे आली ती व्हिडिओ बघून डॉक्टर होऊनच. गहू बंद, दूध बंद, साखर बंद. मालवणची आमची आई ताटात बांगड्याचं तिखलं वाढत म्हणाली, "ह्येका काय व्हया ता माका म्हायत आसा." मासा ताईनं मंजूर केला, कारण व्हिडिओत तो होता. मग बाटल्या आल्या. माशाचं तेल, हळद आणि बायोटिनचा दणदणीत डोस.

"हे केसांसाठी असतं ना गं?"

"नसांसाठी पण असतं. तू गप गीळ."

मी गिळत राहिलो. पुढच्या रक्त तपासणीत थायरॉइड भलताच वाढलेला निघाला. आईनं देवाला गाऱ्हाणं घातलं, ताईनं माझे टोमॅटोही बंद केले.

डॉक्टरांनी माझी नाडी बघितली, हात पुढे करायला लावले. थरथर नाही, वजनही तेवढंच. "आणखी काय घेताय?"

ताईनं अभिमानानं पर्समधून सगळ्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी बायोटिनची बाटली उचलली. "ही गोळी तपासणीला फसवते, थायरॉइड नसताना वाढलेला दाखवते. बंद करा आणि थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त द्या."

"पण नसांना फायदा होतो ना?" ताईनं विचारलं.

"तसा भरवसा देता येत नाही. यापुढे मला विचारल्याशिवाय काही सुरू करू नका."

दुसरा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. आम्ही रिक्षानं परतलो. घराच्या गेटशी ताईचे डोळे भरून आले. "तुला असं पाय ओढताना बघवत नाही रे. काहीतरी करायला नको का?"

माझ्या जिभेवर आलेला टोमणा मी परत पाठवला. "मग रविवारी माझ्याबरोबर चालायला ये."

आता ती येते. पाय अजून ओढतोच, औषध चालू आहे. आम्ही बिल्डिंगला फेऱ्या मारतो. ती भराभर पुढे निघते, मग तिच्या लक्षात येतं आणि पाण्याच्या टाकीशी उभी राहून ती मोबाइल बघितल्याचं नाटक करते. मी मुद्दाम आणखी हळू चालतो.