धावपट्टीच्या तोंडाशी टाकलेला उतारा

उतारा मी चुकीच्या जागी टाकला. काम साधं होतं. तीन रस्ते मिळतात तिथं टाकायचा आणि मागं वळून न बघता निघायचं. कंधारहून सासूबाईंनी फोनवर दोनदा बजावलं होतं. दहीभात, वर उकडलेलं अंडं आणि बोकडाच्या काळजाचा तुकडा. लेकीवरून ओवाळायचा, पण लेक लातूरला विमान शिकत होती. तेव्हा नांदेडहून निघताना बायकोनं तिच्या फोटोवरून ओवाळला आणि डबा गाडीत मागं ठेवला.

त्या दिवशी पोरगी पहिल्यांदा एकटी विमान उडवणार होती.

वाटेत फाटे काय कमी लागतात? पण मी पडलो शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. चाकूरच्या फाट्यावर डबा घेऊन उतरलो, तर टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "सर, रामराम!" जुना विद्यार्थी. मी डबा पाठीमागं लपवला, दोन चहा सांगितले आणि उतारा तसाच गाडीत परत आणला. पुढं लातूरपर्यंत एका हातानं गाडी चालवत, दुसरा खिडकीबाहेर काढून मी बायकोला विमान कसं वळतं ते समजावलं. पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात. एका बाजूची वर गेली की दुसऱ्या बाजूची खाली जाते, आणि वर गेलेल्या बाजूला विमान कलतं.

"हात आत घ्या," ती म्हणाली. "ट्रक येऊन राहिलाय."

विमानतळाच्या आत सोडत नव्हतेच. धावपट्टीच्या टोकाला, तारेच्या कुंपणाबाहेर हरभऱ्याचं शेत होतं, तिथल्या बांधाशी आम्ही गाडी लावली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बायको चपलेतला काटा काढत होती, तेवढ्यात मी कुंपणाला लागून डबा रिकामा केला.

"टाकला का?"

"हाव."

"तिकडं? रस्ते कुठंयत तिथं?"

"देवाला काय नकाशा लागतो का?" मी म्हणालो. स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश झालो, तेही आठवतंय.

धुकं निवळायला नऊ वाजले. लांब, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, शिकवणारे सर विमानातून खाली उतरताना दिसले. आता आत ती एकटीच. विमान हळूहळू आमच्या टोकापर्यंत आलं आणि उलटं फिरलं. आवाज वाढला, ते आमच्यापासून लांब धावत गेलं, उठलं आणि डावीकडं वळलं. एक गोल चक्कर मारून आमच्याच बाजूनं येऊन उतरायचं, एवढीच परीक्षा. बायकोनं पदर तोंडाशी धरला होता.

आधी कावळे आले. मग एक घार.

मला आनंदच झाला. "बघ, बघ तिची शेपूट! कशी पिरगाळतीये. तिचं सुकाणू आहे ते. आणि पंखांच्या टोकाची पिसं बघ, बोटांसारखी फाकवलीत. हवा जराशी हलली तरी एकेक पीस वेगळं वळवते ती. विमानाला हे जमत नाही. त्याचे पंख ताठ, आखडून घेता येत नाहीत."

चार घारी झाल्या. मग सात. मी मोजायचं सोडलं. एक खाली उतरली आणि पायात काहीतरी लालसर घेऊन उठली.

बायको माझ्याकडं बघत होती. "काळीज," ती म्हणाली.

विमानाचा आवाज मागून परत येऊ लागला होता.

खरा शहाणा माणूस जागचा हलला नसता. मी मफलर फिरवत, हरभरा तुडवत, ओरडत धावलो. चुकीत जे थोडंफार राहिलं होतं ते मी तिथं पूर्ण केलं. भातावर बसलेल्या घारीही एकदम वर उठल्या. सगळा थवा कुंपणावर, नेमका विमान उतरण्याच्या वाटेत. विमान इतकं खाली आलं होतं, की त्याची चाकं दिसत होती. समोरच्या दोन घारींनी पंख मिटले आणि त्या दगडासारख्या खाली पडल्या. त्यांना तेवढं करता येतं. पोरीच्या विमानाला येत नव्हतं.

त्याचं नाक वर गेलं. इंजिन किंचाळलं, आणि ते घारींच्या वरून, आमच्या वरून, न उतरताच निघून गेलं.

पुढची काही मिनिटं मी गुडघ्यांवर बसून भात, अंडं, माती, सगळं ओंजळीनं डब्यात भरत होतो. बायको ओढणी उडवावी तसा पदर उडवत कावळ्यांना हाकलत होती. घारी वर वर चढत लांब सरकल्या, पण जाईनात. विमान परत आलं तेव्हा मी वर बघितलंच नाही. चाकं जमिनीला टेकल्याचा आवाज तेवढा ऐकला.

गेटवर ती आली ती नखशिखांत भिजलेली. पहिलं एकटं उड्डाण झालं की अंगावर बादल्या ओततात म्हणे. हसत होती, पण नजर पुन्हा पुन्हा पट्टीकडं जात होती.

"पप्पा, त्या टोकाला घारी बघितल्या? तिथं कधीच नसतात. सरांनी शिकवलंय, घार खाली झेपावते, म्हणून आपण वर काढायचं. काढलं कसं, मला आठवतच नाही. पण आल्या कुठून तेच कळंना."

तिच्या मैत्रिणी भोवती उभ्या होत्या. डबा गाडीत होता. मी घसा खाकरला आणि विज्ञानाच्या मास्तराच्या आवाजात म्हणालो, "थंडीत ऊन तापलं की घारी अशा फिरतातच."

तिनं मान हलवली. माझं तिला नेहमी पटतं.

परतीच्या वाटेवर चाकूरचा फाटा मागं पडला. मग बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर हसली असती पोरगी. आता रोज उतरताना त्या टोकाला भिऊन राहील, अन् तिथं काहीच नसंल."