पाटीवरची पहिली ओळ

डॉक्टरांनी मायच्या उजव्या डोळ्यावर बराच वेळ बॅटरी धरली. मग ती बंद करून ते तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. "काचबिंदू आहे, सर. गेलेली नजर येत नाही. उरलीय ती सांभाळू." डावा डोळा आधीच गेला होता.

बाहेर येऊन आम्ही चिखलीच्या स्टँडजवळ रसवंतीत बसलो. ग्लास चाचपडून हातात घेत माय म्हणाली, "बापू, आता एक डाव मले थे चाडं दाखव. मंग दिसो का नाही दिसो."

मी "हाव" म्हणालो आणि माझा ग्लास न पिताच खाली ठेवला. तिला वाटलं असेल, लेकाला डोळ्यांचं वाईट वाटलं. ते वाटलं, नाही असं नाही. पण त्या क्षणी मी घाबरलो होतो ते दुसऱ्याच गोष्टीला. तिथे गेलो तर माझं खोटं उघडं पडणार होतं.

चाडं म्हणजे तिफणीवर बसवायची लाकडी वाटी. पेरताना तिच्यात मुठीने बी सोडत चालायचं, ते नळ्यांतून तासात पडतं. आता ट्रॅक्टरने पेरतात, त्यामुळे माझ्या शाळेतल्या पोरांना हा शब्दही माहीत नाही. मायचे वडील देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात सुतारकाम करायचे. घरच्या तिफणीसाठी त्यांनी एक चाडं कोरलं होतं, वर दोन मोर. लहानपणी त्यात बी सोडायचं काम मायचं. पुढे कुणी एक साहेब गावोगाव फिरून जुनी अवजारं गोळा करत आले, तेव्हा माझ्या मामाने ते चाडं त्यांना देऊन टाकलं. जालन्यापलीकडच्या शहरात ते संग्रहालयात काचेत ठेवलंय, एवढंच नंतर कळलं. माय ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांत सांगायची. "माह्या बापाच्या हातचं हाय तिथं," म्हणायची. पाहिलं मात्र तिने कधीच नव्हतं.

पाहायची संधी एकदा आली होती. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बस्त्याला.

आमच्याकडे बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायला जायचं. ज्याच्या घरचा बस्ता, गाडीपासून पानसुपारीपर्यंत सगळं त्याच्याकडे. पाहुण्याने खिशात हात घातला तरी आपण तो धरायचा. वडील नव्हते, म्हणून मीच यजमान. दोन जीपा भरून माणसं नेली होती, त्यात निम्मी मुलाकडची. खरेदी दुपारीच आटोपली तेव्हा माय हळूच म्हणाली, "बापू, थे चाडं इथंच कुठी हाय न?"

हळूच म्हणाली, पण व्याह्यांनी ऐकलं. "चाला न मंग! विहीणबाईची इच्छा हाय, सारेच पाहू." नवरदेवाचा मामा मोठा गमत्या माणूस. तो म्हणाला, "माळ्यावर पडेल हाय थेच पाहाले तिकीट काढाचं काय भाऊ? आमच्या घरी या, फुकट दाखवतो. वरून चहा पाजतो." जीपभर हशा पिकला. मायही हसली.

जीपा रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली लावल्या. मी एकटाच चौकशीला गेलो. खिडकीच्या बाजूला दरांची पाटी होती, ऊन खाऊन रंग उडालेली. पहिल्या ओळीतला आकडा ठळक होता. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी. मी पहिला आकडा पाहिला, मनात दोन जीपांनी गुणला आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. खिशात बस्त्याचे पैसे होते, पण त्यातून अजून सोनाराचे द्यायचे होते.

खिडकीशी जाऊन विचारता आलं असतं. पण नवरदेवाचा मामा जीपमधून अर्धा बाहेर लटकून ओरडत होता, "भाऊ, किती डोके मोजू?" त्याच्यासमोर खिडकीत वाकून 'काही कमी होतं का' विचारायचं? आणि एकट्या मायचं तिकीट काढून व्याह्यांना रस्त्यावर बसवायचं? मी पाटीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. परत आलो आणि म्हणालो, "आज बंद हाय. आत काम चालू हाय म्हने."

"माहं नशीबच तसं," एवढंच माय म्हणाली.

मग आम्ही पावभाजी खाल्ली, वर आइस्क्रीम. त्या तिकिटांना लागले असते त्याहून ते बिल फार कमी नव्हतं. ते देताना माझा हात आखडला नाही. पाहुण्यांच्या पोटात गेलेला पैसा दिसतो. काचेतली वस्तू पाहायला दिलेला पैसा आमच्याकडे कुणाला दिसत नाही, मलाही दिसला नाही.

इतकंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मी शिक्षक आहे. सहलीचा विषय निघाला की शाळेत कुणीतरी त्या संग्रहालयाचं नाव घ्यायचं. मी म्हणायचो, "तिथलं तिकीट फार आहे. आपल्या पालकांना झेपणार नाही." एकदा पालकसभेतही म्हणालो. मी पाहून आलेला माणूस, म्हणून सगळ्यांनी खरं मानलं. पोरं बागेत गेली, देवाला गेली, पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेली. हळूहळू ती आमच्या भागातली माहितीच झाली. चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाने ती मलाच सांगितली, "तिथं आपल्यासारख्याचं काम नाही, मास्तर."

नंतर एक सहकारी बायकोपोरांना घेऊन तिथे जाऊन आला. म्हणाला, "काही महाग नाही हो. पोराचं तर काहीच घेतलं नाही. तुम्ही पाहिलं ते बाहेरदेशच्या लोकांचं असेल, ते वेगळं असतं." मी मान हलवली. ती बारीक अक्षरांची दुसरी ओळ मला तेव्हा आठवली.

खरं पाप त्या दिवसापासूनचं आहे. कारण नंतरही मी मायला नेलं नाही. नेलं तर ती विचारणार, तेव्हा काय झालं होतं? तेव्हा तिचे दोन्ही डोळे धड होते. मी वर्षं जाऊ दिली. उन्हाळा आहे, परीक्षा आहेत, तुझे गुडघे दुखतात, असं करत.

आम्ही निघालो त्या आठवड्यात मला झोप आली नाही. संग्रहालयाला फोन लावत होतो, उचलत नव्हतं कुणी. ते दालन बंद असेल तर? चाडं आत कुठेतरी गोदामात टाकलं असेल तर? खरं सांगायचं तर तसं असावं, असंही मला एकदोनदा वाटलं. मग पुन्हा खोटं बोलावं लागलं नसतं.

एसटीत मायला तिकीट नव्हतं, तिची पंच्याहत्तरी उलटलेली. कंडक्टरला कार्ड दाखवताना ती म्हणाली, "आपली गाडी हाय ही." मग मला, "तिथंबी मले फुकट असन न?"

"पाहू," मी म्हणालो.

पाटी बदलली होती. मी मुद्दामच तिच्याकडे पाहत नव्हतो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती जण?"

"दोन."

"चाळीस रुपये."

मायने माझी बाही ओढली. "दोघाचे मिळून?"

"हाव."

"येवढ्यात तं रसबी येत नाही दोन गिलास." ती हसली. आणि मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण ती काहीतरी मोजत असल्यासारखी थांबली. "तवा किती होतं रे?"

'तेव्हा तर बंद होतं,' हे वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांत ते इतकं घोटलेलं होतं की तोंडात आपोआप आलं. मागे एक कुटुंब उभं होतं, त्यांचं लहान मूल खिडकीवर चढायला पाहत होतं. मी ते वाक्य गिळलं.

"तवा याहून कमीच असन, माय. बंद नव्हतं. मी खोटं बोललो."

तिचं हसू गेलं. माझी बाही मात्र तिने धरलेलीच होती. सोडून देण्याची तिला इच्छा झाली असणार, पण सोडली तर पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे तिला दिसत नव्हतं.

आत बाकडं होतं, तिथे तिला बसवलं. बसल्यावर ती म्हणाली, "तवा मले सारं दिसत होतं."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"व्याह्याईची लाज वाटली तुले?"

"हाव. त्याहिच्यासमोर भाव कसा विचारू, असं झालं."

"मले सांगाचं होतं बे. मी म्हनलं असतं, बसा तुमी गाडीत, मी माह्या बापाचं चाडं पाहून येतो. त्यात लाज कायची?"

ती खरंच म्हणाली असती. आणि व्याही खरंच बसले असते.

शेतीच्या अवजारांचं दालन मागच्या बाजूला होतं, थंड आणि अंधारं. काचेच्या पेटीत एकच दिवा. मी तिला पेटीसमोर उभं केलं. खाली चिठ्ठीवर लिहिलं होतं, पेरणीचे चाडे, लाकूड, बुलढाणा जिल्हा.

"नाव हाय बापाचं?"

"नाही, माय."

"मोर हाय?"

"दोन. समोरासमोर."

"नीट पाह्य. मान कशी हाय त्याहिची?"

मी काचेला नाक लावलं. "डाव्याची सरळ हाय. उजव्याची मांगं वळेल हाय."

तिने श्वास सोडला. "हाव. थेच हाय. बापानं दोन्ही सरळच धरल्या होत्या. उजव्या बाजूले लाकडात गाठ निंगाली. मंग मान वळवली. मी तिथंच बसेल होती, भुसा खेळत."

तिने हात पुढे केला आणि बोटं काचेवर आपटली. "आजी, काचेला हात नका लावू," पहारेकरी लांबून म्हणाला, सौम्यपणेच. तिने हात काढून पदरात घेतला. मग चेहरा पेटीजवळ नेला, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या.

"निस्ता दिव्याचा उजेड दिसते," ती म्हणाली.

परतताना दाराशी तिने विचारलं, "शाळेतले पोरं आनत असशीन न तू इथं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नाही. महाग हाय म्हनून मीच सांगतलं होतं साऱ्याले."

ती पायरीवर थांबली. "आन त्याहिले. त्याहिले दिसते."

त्यानंतरच्या पालकसभेत मी सहलीसाठी संग्रहालयाचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून एक बाप म्हणाला, "सर, थे तं लय महाग हाय म्हने."

सवयीने मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"तुमीच! माह्या मोठ्या पोराच्या वक्ती. ह्याच खोलीत."

खोली हसली. एक बाई म्हणाल्या, "आन मडके पाहून पोरं काय करतीन? पान्यात खेळतीन तरी." पुन्हा हसू. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत होते. माझे तळहात तसेच ओले झाले, जसे त्या पाटीसमोर झाले होते.

"हाव, मीच म्हणालो होतो," मी म्हणालो. "मी तिथल्या पाटीवरची पहिलीच ओळ वाचली. ती बाहेरदेशच्या लोकांसाठी होती. दुसरी वाचायला थांबलो नाही, खिडकीत विचारायची लाज वाटली. आणि चूक कळल्यावरही तुम्हाला सांगितलं नाही."

हसू थांबलं. कुणी चिडलं असेल तर ते मला दिसलं नाही, मी टेबलाकडेच पाहत होतो.

"मंग आपल्यासाठी किती हाय?" त्या बापाने विचारलं.

मी सांगितलं.

"आन पोराइले?"

"शाळेतून नेलं तर काहीच नाही. या वेळी खिडकीत विचारून आलोय."

मग मडक्यांवर हसलेल्या त्याच बाईंनी विचारलं, "सर, संगं घरच्याले येता येते काय? माह्या सासूले नेलं असतं. तिले दिसते अजून."