खताच्या दुकानावरचं फ्रेंच

वर्ग सुरू केला तेव्हा मी एक जाडजूड हजेरीवही आणली होती. पुढून हजेरी लिहायची आणि काही गमतीचं घडलं तर मागून टिपून ठेवायचं, असा बेत होता. विद्यार्थी तीनच, त्यामुळे हजेरी चौथ्या पानावर थांबली. मागची टिपणं मात्र सरकत सरकत आता हजेरीला येऊन भिडलीत! मैत्रिणी जमल्या की म्हणतात, ‘सांग ना तुझ्या त्या फ्रेंचच्या वर्गाचं.’ मग मी वही उलटी धरते आणि सुरू करते.

मी आष्ट्याची, पण शिकले लांब. आधी पुदुच्चेरीच्या बोर्डिंगात, मग दोन वर्षं फ्रान्सला. परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: भाषा ही काही शहरांची जहागीर नाही! पुण्यातली नोकरी नाकारली, काकांच्या खताच्या दुकानावरची खोली मागून घेतली आणि दर रविवारी फ्रेंच शिकवायला लागले. खाली युरिया, वर फ्रेंच.

पहिल्या दिवशी मी भाषणच ठोकलं. भाषा, स्वाभिमान, खेड्यातली मुलं, जगाची दारं, असं पाऊण तास. समोर रिटायर्ड सुभेदार बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. ते पाठ ताठ ठेवून, पापणी न लववता ऐकत होते. मला वाटलं, भारावले.

मी थांबले तसे ते म्हणाले, “झालं का भाषण, बाळ? मग आता शिकवायला घे.”

*

आबांना फ्रेंच येत होतं! फौजेतून शांतिसेनेत कांगोला गेले होते, तिथं कानानं उचललेलं. बोलायचे धडाधड, पण सगळी क्रियापदं एकाच रूपात. “मी जाणे. तू येणे. ट्रक बिघडणे.” काल नाही, आज नाही, उद्या नाही.

मी म्हटलं, “आबा, काळ बदलायला हवा हो. आलो, येतो, येणार, यात फरक आहे.”

“आगं, तिथं समोरच्याच्या हातात बंदूक असायची. त्याला कुठं काळ सांगत बसू?”

“पण मग त्यांना तुमचं कळायचं?”

“न्हाई की! म्हणून तर हात वर करून बोलायचो!”

*

दुसरे विट्याचे संपतराव. घरचा धंदा सोनं गाळायचा, म्हणजे गलाईचा. तीस वर्षं परमुलखात दुकानं केली, आता मुलाच्या हाती सोपवून गावी आलेत. दर रविवारी एसटीनं विट्याहून येतात. तमिळ, मल्याळम, बंगाली फर्डं बोलतात.

मी उत्साहानं विचारलं, “आता फ्रेंचच का शिकावंसं वाटलं?”

“मॅडम, तमिळ शिकलो पोटासाठी. मल्याळम पोटासाठी. बंगाली पोटासाठी. म्हटलं, आता एक भाषा बिनकामाची शिकावी!”

माझा चेहरा पडला असावा. ते घाईनं म्हणाले, “तसं न्हवं. बिनकामाचं काही करायला मिळणं, ही लय मोठी चैन हाय, मॅडम. जन्मभर वाट बघितली तिची.”

त्या दिवसापासून मी भाषणं बंद केली.

*

तिसरी रोहिणी. तिच्यासाठी मात्र हे अजिबात बिनकामाचं नव्हतं.

रोहिणी शिरवळच्या एका कारखान्यात डिप्लोमा इंजिनीअर. कंपनीचं मूळ घर फ्रान्समध्ये. नव्या मशीनचं शिक्षण घ्यायला इथून एकाला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवणार होते आणि साहेबांनी रोहिणीचं नाव दिलं होतं. अट एकच, फ्रेंचच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली होती. आता एकच संधी उरली होती. ती हुकली की जागा दुसऱ्या ऑफिसकडं जाणार. दर शनिवारी शिरवळहून ती आष्ट्याला आत्याकडं यायची आणि रविवारी वर्गात सगळ्यांत आधी हजर.

तिचं घोडं अडलं होतं दोन ठिकाणी. फ्रेंचमध्ये ‘मला’, ‘ते’, ‘त्याला’ असले छोटे शब्द क्रियापदाच्या आधी रांगेत उभे राहतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. शिवाय झालेली गोष्ट सांगताना, जिच्यावर क्रिया झाली ती वस्तू जर क्रियापदाच्या आधी आली असेल, तर क्रियापदाचं शेपूट तिच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. नंतर आली तर नाही!

मी फळ्यावर रंगीत तक्ता काढला. तो उतरवता उतरवता रोहिणीनं पेन खाली ठेवलं.

“मॅडम, ही तर रेशनच्या दुकानाची रांग हाय. कोण कुठनं पुढं घुसतंय, कायच कळंना!”

*

तक्त्यानं काम होईना, तेव्हा मी पंगत काढली. आबांच्या मळ्यात जेवण. नियम एवढाच, की वाढायचं आणि मागायचं फ्रेंचमध्येच. ‘मी ती तुम्हाला देते’, ‘त्यांना ते वाढ’, सगळे छोटे शब्द रांगेत.

रोहिणी वाढायला उठली आणि दहा मिनिटांत सुटली. हातात भाकरी असली की तिला रांग बरोबर सापडायची! आबा तर फौजी मेस चालवल्यासारखे भाजी फिरवत होते.

अडकले संपतराव. ‘मला आता आणखी नको’ हे वाक्य फ्रेंचमध्ये जरा वाकडं आहे. ते दरवेळी शेवटचा शब्द विसरायचे. आबा म्हणायचे, “वाक्य पुरं न्हाई. वाढा!” की पानात भाकरी. पुन्हा प्रयत्न, पुन्हा भाकरी.

पाचव्या भाकरीला वाक्य अचूक आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपतराव बांधावर आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, “मॅडम, एवढं पोटभर व्याकरण आजवर कुणी शिकवलं न्हाई.”

*

रांगेचं जमलं, शेपटाचं जमेना.

रोहिणीचं घर धनगराचं, गाव पूर्वेला दुष्काळी भागात. ऊस तुटला की तिचे वडील, बापू, मेंढरं घेऊन आमच्या बाजूला येतात. मेंढरं रानात बसवली की रानाला खत मिळतं. त्या वर्षी त्यांचा तळ आष्ट्याजवळच पडला होता. लेक दर रविवारी कशापायी डोकं धरून बसते, ते बघायला बापू एकदा वर्गात आले. दाराशी काठी टेकवली आणि कोपऱ्यात बसले.

मी चौथ्यांदा समजावत होते. “वस्तू आधी आली तर शेपूट बदलायचं. नंतर आली तर नाही.”

“पर का, मॅडम?” रोहिणी रडकुंडीला आली होती. “वस्तू तर तीच हाय की!”

मी ‘नियमच आहे’ म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“आगं, सोपं हाय. म्होरं गेल्यालं मेंढरू आपण बघितल्यालं असतंय. काळं का पांढरं, पाट का बकरू, म्हंजी मादी का नर, सांगता येतंय. जे अजून मागंच हाय, त्येचा रंग आधीच कोण सांगणार?”

रोहिणीनं वही ओढली आणि धडाधड दहा वाक्यं लिहिली. दहाही बरोबर!

मी फ्रान्समध्ये दोन वर्षं मोठमोठ्या प्राध्यापकांपुढं बसले, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. मी ते शब्दशः वहीत उतरवून घ्यायला लागले. बापू बिचकले.

“लिवून कशाला घेताय? काय चुकलं का माझं?”

*

मग एका मंगळवारी रोहिणीचा कारखान्यातून फोन. फ्रान्सहून एक इंजिनीअर आले होते. त्यांनी मशीनकडं बोट दाखवून विचारलं, “हे स्क्रू परत कुणी बसवले?” स्क्रू फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. रोहिणीनं मनातल्या मनात मेंढरं हाकली आणि शेपटासकट अचूक उत्तर दिलं, “ते मी बसवले.”

त्यावर ते इंजिनीअर मशीन सोडून तिच्याकडंच वळले.

“मग काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, इतकं जपून तर आमच्याकडंबी रोज कुणी बोलत न्हाई.”

“अगं, मग कौतुक केलं की!”

“कौतुक ऱ्हाऊ द्या, मॅडम. तेच जर बोलत न्हाईत, तर आपण सहा महिने कशाला रडतोय?”

*

परीक्षेआधी तोंडीची तालीम. पेपरात एक प्रसंग असतो. परीक्षक कुणीतरी होतो, आपण कुणीतरी व्हायचं आणि बोलायचं. परीक्षकाचं काम मी आबांना दिलं. आबा बेकरीवाले, रोहिणी गिऱ्हाईक.

रोहिणी आत आली तसे आबा कांगोतल्या चौकीवर असल्यासारखे गरजले, “थांब! कागद दाखव!”

“आबा, तुम्ही पाव विकताय!”

“कागद बघितल्याबिगर पाव न्हाई!”

डॉक्टर झाले तरी कागद, घरमालक झाले तरी कागद. तीन रविवार हेच. शेवटी मी कपाळाला हात लावला. पण रोहिणी म्हणाली, “असू द्या, मॅडम. आता पुण्यातली परीक्षा घेणारी बाई माझं काय वाकडं करणार हाय?”

*

परीक्षेच्या दिवशी मी दुकानाच्या पायऱ्यांवर फोन घेऊन बसले होते. दुपारी फोन आला. रोहिणी हुंदके देत होती.

“मॅडम, गेलं सगळं.”

“लेखी?”

“लेखी झ्याक गेला. तोंडीत घोटाळा केला मी.”

परीक्षक एक वयस्क फ्रेंच बाई होत्या. प्रसंग असा: तुम्ही शेजारणीचं पातेलं उसनं आणलं आहे, ते करपलं आहे, माफी मागून परत करा. रोहिणीनं छान माफी मागितली. बाई म्हणाल्या, ‘असू दे, आणा इकडे,’ आणि त्यांनी हात पुढं केले.

“आणि मग?”

“मग मला देववंना, मॅडम! पातेलं रिकामं होतं!”

“अगं, पातेलं नव्हतंच तिथं!”

“तरीबी रिकामंच की! मी म्हटलं, आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत देत न्हाईत. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, माझं आहे, द्या. मी म्हटलं, न्हाई देणार. त्या म्हणाल्या, मला आज स्वयंपाकाला पाहिजे. मी म्हटलं, माझं एखादं न्या, पण तुमचं मी उद्या भरूनच देईन. असं वेळ संपेपर्यंत भांडलो आम्ही. शेवटपर्यंत दिलं न्हाई मी त्यांचं पातेलं!”

मी डोळे मिटले. “फ्रेंचमध्ये काय काय म्हणालीस, ते आठवून सांग.”

तिनं सांगितलं. ‘ते मी तुम्हाला देणार नाही.’ ‘ते मीच करपवलं.’ ‘ते उद्या तुम्हाला आणून देईन.’ एकेक वाक्य ऐकत गेले. सगळी रांग जागेवर. सगळी शेपटं जागेवर. भांडणाच्या भरात तिला आपण परीक्षेत आहोत याचंही भान नव्हतं.

“रोहिणी,” मी म्हटलं, “डोळे पूस आणि जेवून घे. बरं झालंय सगळं.”

ती त्या रात्री पुण्यात मैत्रिणीकडं राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

“मॅडम, देऊन आले.”

“काय?”

“आत्यानं वाटेला शेंगदाण्याचे लाडू दिले होते. डबा भरून केंद्राच्या वॉचमनकडं दिला. म्हटलं, कालच्या तोंडीवाल्या बाईंना द्या, पातेल्याचं म्हणून सांगा.”

मी ओरडलेच. “अगं वेडे! ते लाच समजतील! परीक्षा रद्द करतील तुझी!”

“पर मॅडम, उद्या देते म्हटलं होतं मी. शब्द दिला होता.”

पुढचे तीन आठवडे मी झोपले नाही. दोन वर्षं फ्रान्स आणि एक डबा लाडू, एवढंच डोळ्यांपुढं. आबांना सांगितलं तर ते हसत सुटले. “लाडवावर फ्रान्सला जाता आलं असतं, तर आख्खा आष्टा तिकडं असता गं!”

निकाल ईमेलनं आला. रोहिणी पास! तोंडीत सगळ्यांत जास्त मार्क! मी खाली धावत गेले आणि काकांना मिठी मारली. काकांनी गिऱ्हाईक तसंच सोडून सगळ्यांना चहा सांगितला. आबांनी दुकानासमोर कडक सॅल्यूट ठोकला. संपतराव फोनवर फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. बापू त्या वेळी मेंढरांमागं होते, बातमी ऐकून म्हणाले, “गेलं का म्होरं माझं कोकरू?” कित्येक दिवसांनी मी भरपेट जेवले.

सर्टिफिकेट घ्यायला स्वतः जावं लागतं. रोहिणी गेल्या शुक्रवारी पुण्याला गेली. संध्याकाळी स्वारगेटवरून तिचा फोन.

“मिळालं, मॅडम.”

“नाव नीट छापलंय ना? बघितलंस?”

“व्हय, बरोबर हाय. आन् काउंटरवरच्या ताईंनी डबाबी परत दिला. म्हणाल्या, बाई फ्रान्सला परत गेल्या, जाताना तुझ्यासाठी ठेवून गेल्यात.”

“चला, आत्याचा डबा तरी मिळाला!”

पलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग रोहिणीचा आवाज, एकदम हळू.

“मॅडम… डबा जड लागतोय!”