सासूबाईंचा अधिवास

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी आपली बॅग खोलीच्या दाराशी ठेवली. ती तिथेच राहिली. लागेल तेवढे कपडे तिच्यातून काढायचे, धुऊन वाळले की परत तिच्यात घालायचे आणि चेन लावायची. कपाटाचे दोन कप्पे मी स्वतः रिकामे करून दिले होते. त्यात माझ्या जुन्या स्वेटरांचा बळी गेला. कप्पे रिकामे राहिले आणि स्वेटरही परत आले नाहीत.

सासूबाई शिवणकाम करत. रहदारीच्या नाक्यावर दुकान, मागे एक खोली. सासरे लवकर गेले, तेव्हा त्या मशीनवर बसल्या आणि मुलीला शिक्षिका करूनच थांबल्या. म्हणजे थांबल्या नाहीतच, पण तिची काळजी मिटली. स्वभाव असा, की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. माझ्या लग्नाच्या सुटाचं माप घेताना माझ्या वडिलांदेखत म्हणाल्या, "खांदे उतरते आहेत. भरावे लागतील." खांदे भरले गेले. लग्नाच्या फोटोत मी नवरदेव कमी आणि कपाट जास्त दिसतो.

मग एकदा त्या न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं, आणि सकाळी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्या तशाच पडून होत्या. बायकोने कुणाला विचारलं नाही. दुकानाला कुलूप घातलं, आईला गाडीत घातलं, आणि घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. मागच्या बाजूची, हवेशीर, रस्त्याचा आवाज नाही. पाय घसरू नये म्हणून खाली जाड सतरंजी. मशीन दुकानातच राहिलं. "खूप केलंस, आता आराम कर," असं बायको म्हणाली. सासूबाईंनी आराम म्हणजे काय ते थोडा वेळ करून पाहिलं. त्यांना जमलं नाही.

प्लॅस्टर निघाल्यापासून एकच धोशा होता. "जावईबापू, हात बरा झाला. रविवारी मला सोडा."

दर रविवारी बायको काहीतरी कारण काढायची. गाडीचा ब्रेक, माझी पाठ, पाहुणे. शेवटी कारणं संपली. एका शुक्रवारी ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "सोडायचं म्हणता, पण परत पडली आणि त्या दिवशी गिऱ्हाईक आलंच नाही तर?" मी चहा गाळला.

आता बायकोच्या नोकरीबद्दल. ती सहावीला विज्ञान शिकवते. दरवर्षी वर्गाचे गट पाडून चिठ्ठ्या टाकतात: कुणाला वाळवंट, कुणाला बर्फाळ प्रदेश, कुणाला वर्षावन, कुणाला समुद्र. तिथला एक प्राणी घ्यायचा आणि तो कुठे राहतो, काय खातो, तिथेच का राहतो, हे शोधायचं. पण त्याआधी बायकोची एक अट असते. जवळपासचा एखादा जिवंत प्राणी निवडायचा आणि गप्प बसून त्याला नुसतं बघायचं. हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, बोलायचं नाही. "समोरचं दिसत नाही आणि निघाले ध्रुवावर," हे तिचं नेहमीचं वाक्य. ते ती घरीही वापरते, मला चष्मा सापडत नसला की.

त्या महिन्यात शाळेला रंग लावणं चाललं होतं, म्हणून गट पाळीपाळीने आमच्या घरी येत. शनिवारी वाळवंट गट आला. त्यांच्या वाट्याला वाळवंटी कोल्हा. दोन मुली. एक चष्मेवाली, एक बडबडी. त्यांनी निरीक्षणाला खालच्या मजल्यावरची मांजर घेतली होती. मांजर आली, तिने एक जांभई दिली आणि आपल्या कामाला निघून गेली.

बायको आत मुख्याध्यापिकांशी फोनवर रंगाबद्दल बोलत होती. बाहेर येऊन बघते तर दोघी पोरी भिंतीला टेकून चिडीचूप बसलेल्या. बडबडीसुद्धा. बायको खूश झाली. मला वाटलं, पालीवर नजर असेल.

दुपारी बायकोने विचारलं, "हं, काय पाहिलंत?"

"बाई, मांजर गेली निघून," बडबडी म्हणाली. "मग आम्ही आजी घेतल्या."

सासूबाई आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. दार उघडं होतं. बायकोने थांबवायच्या आत चष्मेवालीने सुरुवात केली होती.

"हा प्राणी दिलेल्या जागेत बसत नाही. आधी बाहेरच्या दाराशी, मग जिन्यात, मग इथे पुढच्या खिडकीशी. खिडकीतून बसथांबा दिसतो. माणूस दिसला की आधी त्याचे कपडे बघतो, मग तोंड."

"माझी बाही बघून च्च केलं बाई," बडबडी म्हणाली.

"आणि हात सारखे हलतात. हातात काहीच नसताना." चष्मेवालीने करून दाखवलं. दोन्ही तळवे मांडीवरून हळूहळू पुढे सरकले, जणू कापड सुईखाली जातंय. मग तिने पायही दाखवला. टाच, चवडा, टाच, चवडा.

हे मी कित्येक महिने बघत होतो. मी बायकोला, डॉक्टरला दाखवू या का, असंही म्हणालो होतो.

"बरं, निष्कर्ष?" बायको म्हणाली. सवयीने म्हणाली, म्हणायचं नव्हतं तिला.

"तुम्हीच शिकवलंत ना बाई," चष्मेवाली म्हणाली, "खाणं आणि छप्पर मिळालं म्हणजे अधिवास होत नाही. ते पिंजऱ्यातपण मिळतं."

बायकोने आईच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"पण पिंजरा छान आहे बाई," बडबडी घाईघाईने म्हणाली. "हवेशीर आहे."

बायकोने दोघींना कोल्ह्याचं पुढच्या वेळी बघू म्हणून घरी पाठवलं आणि ती आईच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो आणि दाराशी बॅगेजवळ उभा राहिलो.

"आई, मला भीती वाटते गं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. वर्गात तिच्या नुसत्या पाहण्याने पोरं गप्प होतात.

"मलापण वाटते," सासूबाई म्हणाल्या. "पण ती इथे बसूनही वाटतेच. तिथे निदान हाताला काम असतं."

"मशीन इथे आणलं तर राहशील?"

"कुठे ठेवणार? या खोलीत? बाही किती ठेवू ते भिंतीला विचारू?"

रविवारी मी दुकानावर गेलो, पण सासूबाईंना न घेता. शेजारच्या चांभाराने हात लावला, तरी मशीन गाडीत घालताना माझे जे काही खांदे आहेत ते कामातून गेले. दिवाणखान्यात पुढच्या खिडकीशी माझी आरामखुर्ची होती. ती मागच्या खोलीत गेली आणि तिच्या जागी मशीन आलं. ही चर्चा मी घरात नसताना झाली होती.

आमचा पहिला मजला. सासूबाई खिडकीतून थांब्यावरच्या माणसांना कॉलर उलटी बसलीय म्हणून सांगू लागल्या. आधी माणसं चिडली, मग वर यायला लागली. बडबडीच्या बाहीपासून काम सुरू झालं. बस येईपर्यंत बटण लावून मिळतं, अशी ख्याती झाली. घरभर दोरे. माझ्या वरणात एकदा हुक निघाला.

बॅग मात्र दाराशीच होती, चेन लावलेली. बायको येता-जाता तिच्याकडे बघायची. मीही बघायचो. विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

एका संध्याकाळी मशीन थांबलं आणि सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, माझी बॅग आणा."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. मी बॅग आणली. सासूबाईंनी चेन उघडली, सगळे कपडे काढून माझ्या हातांवर रचले आणि मशीनखालच्या चिंध्यांचा ढीग उचलून बॅगेत कोंबला.

"पायात येतात सारख्या," त्या म्हणाल्या. "पडेन एखाद दिवशी."

बायको ओल्या हातांनीच बाहेर आली होती. तिने माझ्याकडून कपडे घेतले आणि कपाटासमोर खाली बसून एकेक कपडा कप्प्यात ठेवायला लागली. फार वेळ लावत होती. नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"घड्या नीट घाल," सासूबाई दोरा ओवत म्हणाल्या. "मला रोज तिथूनच काढायचे आहेत."