लोधिवलीच्या मामाला हाक

पत्राच्या जवळ सरक गं पोरी, आणि हे वाचून होईपर्यंत तरी तो मोबाइल उलटा ठेव. नेरळच्या बिल्डिंगमध्ये गेल्यापासून आजीचा आवाज तुला त्यातूनच ऐकायची सवय लागलीय.

हळदीची गाणी मी सासूचं ऐकून ऐकून शिकले. लिहून कधी घेतली नाहीत, कारण दर मांडवात गाणं वेगळं. नवरीचा मामा ज्या गावचा, त्या गावाचं नाव घेऊन त्याला हाक मारायची. हाक आली की मामा उठणार, भाचीला हळद लावणार. तोवर तो मिशीत हसत बसायचा आणि आम्ही बायका त्याला मुद्दाम ताटकळत ठेवायचो.

तुझ्या हळदीला तू माझं गाणं मोबाइलमध्ये घेतलंस. मला बरं वाटलं. मग ते या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरत राहिलं.

यंदा शेजारी हळद होती. मला बोलावणं आलं ते जेवायचं. गायला स्पीकर होता. त्यातून मीच गात होते, मागे कुणाची तरी ढोलकी चिकटवलेली, आणि मी खुर्चीत गप्प.

स्पीकरमधून हाक आली, शेलूच्या मामाला. शेलूचा तर तुझा मामा! इथला मामा लोधिवलीचा. तो हलेना.

"दादा, ऊठ ना रं!" नवरीची आई म्हणाली.

"मला कुठं बोलावलंय? शेलूवाल्याला आण की."

बायका हसल्या. तो हसला नाही. मी पदर खोचून उठले, तर नवरीची बहीण मोबाइल घेऊन आडवी आली.

"आजी, गाऊ नको. नुसतं 'लोधिवलीच्या' एवढंच बोल. मी मधी बसवते."

"बाय, आख्खी मी इथं उभी हाय."

"पण आता तुजा आवाज फाटतो गं. व्हिडिओला तो जुनाच पायजे."

खोटं नव्हती बोलत. तेवढा एक शब्द मी बोलले. ती तो बसवत राहिली, गाणं पुढे निघून गेलं. शेवटी नवरीच्या आईनं हात धरून ओढलं, तेव्हा मामा उठला. जाताना माझ्यापाशी थांबला.

"मावशी, तुमी इथं असून मला हाक नाय मारली."



आता माझा तो शब्द गाण्यात बसवलाय म्हणे. कुठल्या मांडवात कुठल्या मामाला बोलावेल, कोण जाणे.

तुझ्या नणंदेची हळद ठरलीय असं कानावर आलं. तिच्या मामाचं गाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फोनवर नको सांगूस. घरी ये, लवकर ये.